नसलेला ब्रेक

"सगळं नॉर्मल आहे" हे वाक्य ऐकल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. मला दीड वर्षात ते इतक्या जणांनी ऐकवलं, की आता कुणी नॉर्मल म्हटलं तरी डोकं फिरतं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरून सांगितलं. नसांच्या डॉक्टरांनी पायाला सुया टोचून सांगितलं. नगरला मोठ्या मशीनमध्ये अर्धा तास आडवं घालून काढलेले फोटो बघून तिसऱ्यांनी सांगितलं. प्रत्येक ठिकाणाहून मी तो नॉर्मल पाय ओढत, कठडा धरून जिना उतरलो. मांडीपासून अंगठ्यापर्यंत ताठ, पोटरीत गोळा, पाऊल पुढे ताणलेलं, आणि म्हणे काही नाही. एका डॉक्टरांना मी विचारलंही, की तुमचं समाधान झालं, आता माझं काय? ते म्हणाले, "काका, टेन्शन घेऊ नका." टेन्शन मी काय बाजारातून पिशवी भरून आणतो?

पाय सारखाच दुखला असता तरी मी समजून घेतलं असतं. पण स्वतः गाडी चालवताना हाच उजवा पाय अगदी शहाण्यासारखा वागायचा. एक्सिलेटर, ब्रेक, सगळं व्यवस्थित. दुसरा कुणी चालवत असेल आणि मी शेजारी डाव्या सीटवर बसलो, की पाच मिनिटांत ताठ. एसटीत पुढच्या बाकावर बसलो, की ताठ. पुढे पुढे तर घरात खुर्चीवर टीव्हीसमोर बसलो तरी ताठ. बायको म्हणायची, अहो, बातम्या बघू नका. बातम्यांचा काय संबंध? आणि माझं पोट नेमकं त्या डाव्या सीटवर चालतं, ते दीड वर्ष जवळजवळ बंद.

मी श्रीरामपुरात अठरा वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. नव्या सुना, निवृत्त तलाठी, चर्चचे फादर, गिअर टाकता टाकता मलाच व्याख्यान देणारे हेडमास्तर, सगळ्यांना मी गाडी शिकवली. स्कूलच्या गाडीत डाव्या सीटखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. तो मास्तरचा. शिकणारा घाबरला, समोर म्हैस आली, की मास्तर आपल्या पायाखालचा ब्रेक दाबतो आणि गाडी उभी राहते. शिकणाऱ्याला वाटतं, आपणच थांबवली. तसं वाटू द्यायचं असतं.

तसा मी तापट. चहा गरम आला तरी यांना राग येतो आणि गार आला तरी येतो, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आणि ते खरं आहे. पण गाडीत मी कधी आवाज चढवला नाही. बाकीचे स्कूलवाले ओरडतात, हातावर फटके मारतात. ओरडलं की शिकणारा आधी तुमच्याकडे बघतो, मग समोर बघतो, तोवर म्हैस गाडीखाली आलेली असते. म्हणून माझा नियम एकच होता: आधी पाय, मग तोंड. हा नियम मीच केलेला, आणि चार लोकांत मिशीला पीळ देऊन सांगायचोही. पंचक्रोशीत माझी ओळखच ती होती, की हा मास्तर गाडीत ओरडत नाही.

आता दादाचं सांगायला हवं.

दादा माझा थोरला भाऊ, सहा वर्षांनी मोठा. कोल्हारच्या अलीकडे प्रवरेच्या काठाला आमचं गाव आहे, तिथली शेती आणि आठ गाई तो आणि वहिनी बघायचे. गाडी तो ट्रॅक्टरवर शिकला, म्हणजे कुणाकडूनच शिकला नाही. एक हात स्टेअरिंगवर, दुसरा खिडकीबाहेर, आणि नजर शेजारी बसलेल्याच्या तोंडाकडे, कारण बोलताना समोरच्याकडे बघावं हे त्याला आमच्या वडिलांनी शिकवलेलं. मी जगाला गाडी शिकवली, पण दादाला शिकवायची माझी छाती झाली नाही. थोरल्या भावाला शहाणपण सांगणारा माणूस आमच्या घरात अजून जन्माला यायचा आहे.

त्या दिवशी आम्ही दोघं राहुरीला आजारी आत्याला भेटून परत येत होतो. गाडी दादाची, दुधाची पिकअप नव्हे, घरातली छोटी गाडी; चालवत दादा, डावीकडे मी. कारखाने चालू होते, रस्ताभर ऊस सांडलेला. दिवे लागायची वेळ. दादा त्याच्या पहिलारू गाईचं कौतुक सांगत होता, माझ्याकडे बघून. समोर रस्त्यातच उसाची ट्रॉली उभी होती, टायर बसलेला. मागे दिवा नाही, लाल फडकंसुद्धा बांधलेलं नाही. दादाला ती दिसली नाही. मला दिसली.

मी ब्रेक दाबला. उजवा पाय ताठ करून, सीटला पाठ रोवून, जीव खाऊन दाबला. पायाखाली रबरी पायपुसणं होतं. ती स्कूलची गाडी नव्हती. दादाच्या गाडीत डाव्या सीटखाली ब्रेक कुठून असणार? तरी मी दाबतच राहिलो, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. दोन सेकंद असतील, फार तर अडीच. "दादा" म्हणायला अर्धा सेकंद लागतो.

गाडीची उजवी बाजू ट्रॉलीखाली गेली. दादा जागेवर गेला. मला कपाळावर चार टाके पडले, बाकी खरचटलंही नाही. लोक म्हणाले, देवानं राखलं. पोलिसांनी विचारलं, वहिनींनी विचारलं, अंत्यविधीला आलेल्या प्रत्येकानं विचारलं, की झालं कसं? मी सगळ्यांना एकच सांगितलं, "अंधार होता. दिसलंच नाही." पहिल्यांदा ते तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही. नंतर ते पाठच झालं.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. तासभर झाला, ऊन चढलं, कावळे समोरच्या बाभळीवर बसून आमची गंमत बघत होते. मग पद्धतीप्रमाणे एकेकानं पुढे होऊन दादाला शब्द द्यायला सुरुवात केली. कुणी म्हणालं, शेत पडू देणार नाही. कुणी म्हणालं, वहिनीला एकटं पडू देणार नाही. माझी पाळी आली तेव्हा मी नुसते हात जोडले. शेवटी आमचा चुलतभाऊ म्हणाला, "गाईंची काळजी करू नको, दूध डेअरीला घालायचं काम माझं," आणि कावळा आला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. कावळ्यानं चुलतभावाला ओळखलं नव्हतं एवढंच. पोळ्यापर्यंत त्यानं इमानानं दादाच्या पिकअपमधून कॅन नेले, मग त्याला कामं निघायला लागली. दूध उशिरा पोचायचं, उन्हात नासायचं, डेअरीवाले कॅन परत पाठवायचे. कधी हा ये, कधी तो ये, असं वहिनींचं चाललं होतं. पिकअप गोठ्यामागे ताडपत्रीखाली उभी.

वर्षश्राद्ध झालं त्याच आठवड्यात वहिनी श्रीरामपूरला माझ्या घरी आल्या. चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "भावजी, मला पिकअप शिकवा."

मी म्हणालो, शिकवू की. आमच्या शेजारी एक बाई शिकवतात, तिकडे नाव घालू.

"न्हाई. तुमीच शिकवा. दुसऱ्याकडं गेलं की ओरडत्यात म्हनं. तुमी ओरडत न्हाई, आख्खं गाव सांगतं."

मी उगाच त्यांचा कप उचलून आत ठेवून आलो. वहिनी पुढे म्हणाल्या, "पाऊस लागला की चिखलातून कॅन कोन न्हेनार? तवर शिकले तर ठीक, न्हाईतर गाई इकून टाकते. सारखं कुनाच्या तोंडाकडं बघू?" आठ गाई म्हणजे वहिनींच्या हातातलं सगळं होतं. दादाच्या मागे वहिनी त्या गाईंच्या धारांना उठत होत्या म्हणून उठत होत्या.

दुसऱ्याच दिवशी त्यांना स्कूलच्या गाडीतून शिकवणीच्या मैदानावर नेलं. त्या उजवीकडे बसल्या, मी डावीकडे. त्यांनी किल्ली फिरवायच्या आधीच माझा पाय ताठ झाला. इतका, की मला उतरता येईना. चहाच्या टपरीवरच्या दोघांनी येऊन मला काखेत धरून बाहेर काढलं. अठरा वर्षांचा मास्तर, आणि उभी गाडी त्याला झेपेना. वहिनी घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "पाय बरा करा. मी थांबते." पाऊस यायला पाच महिने होते.

मग सुरू झाले उपाय, आणि त्यापेक्षा उपाय सांगणारे. आपल्याकडे माणूस लंगडताना दिसला की प्रत्येकाला एमबीबीएस झाल्यासारखं वाटतं. सासूबाई म्हणाल्या, शिरेवर शीर चढलीय, विटेनं शेका. विटेनं शेकून मांडीला फोड आला, शीर तिथेच. मेव्हण्यानं बेलापूरच्या बाजूला एका पायाळू बाईंकडे नेलं. जन्मताना पाय आधी आले की माणूस पायाळू, आणि त्याचा पाय लागला की लचक, उसण जाते, हे सगळ्यांना माहीत असतं. मला ओसरीवर पालथं झोपवलं, आणि त्या सत्तर वर्षांच्या माउलीनं माझ्या मांडीवर अशा तीन लाथा घातल्या की दोन दिवस मी डाव्या पायानंही लंगडलो. मेव्हणा म्हणाला, गुण यायला वेळ लागतो. गावाकडचे म्हणाले, त्या जागेनं धरलंय, अपघात झाला तिथे नारळ फोडून या. तेही केलं. नारळ फोडताना पाय असा आवळला की परत येताना गाडीत मागच्या सीटवर आडवा पडून आलो.

या सगळ्यांचा आला नाही इतका राग मला शिकलेल्यांचा आला. नात्यातले एक प्राध्यापक घरी आले, फाईल चाळली आणि हसून म्हणाले, "अहो, हे सगळं मनाचं आहे." जणू मला मोठीच बक्षिशी दिली. मनाचं आहे म्हणजे काय? खोटं आहे? मी पोटरी पुढे केली, म्हटलं, दाबून बघा, दगड आहे का मन आहे. त्यांनी मोबाईलवर श्वासाचे व्हिडिओ पाठवले. त्यात एक गृहस्थ डोंगरावर बसून सांगायचे, भूतकाळ सोडून द्या. ते डोंगरावर बसलेले, त्यांना काय जातंय सांगायला? मनाचं आहे म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या पोटरीत तो गोळा एकदा यावा, एवढीच तेव्हा माझी प्रार्थना होती.

उन्हाळ्यात हाडांच्या डॉक्टरांनी, बहुधा माझी कटकट टळावी म्हणून, एका फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडे पाठवलं. चर्चच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचा दवाखाना. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. शेजारच्या हॉलमध्ये संध्याकाळी गाण्याची तालीम चालायची, आणि ती मंडळी रोज एकाच ओळीवर चुकून परत पहिल्यापासून सुरू करायची. मी फाईल पुढे केली. त्यांनी ती उघडलीच नाही. त्या म्हणाल्या, "काका, पाय ताठ होतो तेव्हा तुम्ही कुठं बसलेले असता?"

दीड वर्षात हे मला कुणी विचारलं नव्हतं. पाय कुठे दुखतो हे सगळ्यांनी विचारलं, मी कुठे असतो ते नाही. मी सांगितलं, की डाव्या सीटवर. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, समोर मोकळी भिंत. स्वतः खाली बसून त्यांनी माझ्या उजव्या तळव्याखाली हात ठेवला आणि म्हणाल्या, समजा शेजारी दुसरं कुणी गाडी चालवतंय. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही काहीतरी दाबताय."

"मी काही दाबत नाहीये."

"माझा हात दुखायला लागलाय."

मी खाली बघितलं. त्यांची बोटं पांढरी पडली होती. आणि मला खरोखर वाटत होतं, की पाय नुसता ठेवलेला आहे.

"काय आहे तिथं?" त्यांनी विचारलं.

"ब्रेक," मी म्हणालो. मग स्वतःचाच राग आला. उठून जावंसं वाटलं, पण त्याच पायानं उठायचं होतं.

मॅडमनी भाषण दिलं नाही, हे त्यांचे उपकार. त्या एवढंच म्हणाल्या, की पाय काही बिघडलेला नाही. त्याला एक काम दिलं होतं, ते तो अजून करतोय. गाडी कधीच थांबली हे त्याला कळलेलं नाही. मी वैतागून विचारलं, मग त्याला काय पोस्टकार्ड टाकू? त्या हसल्या आणि कामाला लागल्या. भिंतीला एक फळी टेकवलेली. त्यावर पाय ठेवून मुद्दाम, ठरवून, पूर्ण ताकदीनं दाबायचं, मग हळूहळू सोडायचं, आणि सोडताना समोर काय दिसतंय ते मोठ्यानं म्हणायचं. भिंत. पंखा. कॅलेंडर. खिडकीतला जास्वंद. पन्नाशी ओलांडलेला माणूस भिंतीला पाय लावून "पंखा, कॅलेंडर" म्हणतोय, आणि शेजारी ती मंडळी तीच ओळ परत चुकताहेत. मला वाटलं, पायाळू बाई बऱ्या होत्या, तीन लाथांत मोकळं तरी करायच्या.

तरी गेलो. रोज गेलो, कारण वहिनींचा फोन यायचा. त्या पायाचं विचारायच्या नाहीत. "नदीकडं ढग दिसत्यात," एवढंच म्हणायच्या.

तिसऱ्या आठवड्यात फळीवरून पाय सोडताना तो थरथरायला लागला. आधी पोटरी, मग मांडी, मग गुडघाच उडायला लागला. मी हातानं दाबून धरला तर हातही थरथरला. मॅडम म्हणाल्या, "धरू नका, होऊ द्या." दहा मिनिटं माझा पाय माझा नव्हता. मी रडलो नाही. डोळ्यांतून पाणी आलं, ते वेगळं. थरथर थांबल्यावर पाय इतका हलका झाला की मी बावळटासारखा त्याच्याकडे बघत राहिलो, आणि मग संताप आला, की एवढंच होतं तर दीड वर्ष हे कुठे दडलं होतं?

पण एवढंच नव्हतं. दहा मिनिटं डाव्या सीटवर बसता यायला लागलं, पंधरा मिनिटं यायला लागलं, आणि तिथे गाडं अडलं. पुढे सरकेना. मॅडमनी फळी भिंतीला लावून ठेवली आणि म्हणाल्या, "काका, पायाचं मी करू शकते. पण तुम्ही अजून काहीतरी धरून ठेवलंय. ते कुणाला सांगितलंय का?"

"काय सांगितलंय?"

"ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल." नगरला मनाचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जाऊन या, असंही त्या म्हणाल्या. मी म्हणालो, बघू. बघू म्हणजे नाही, हे त्यांनाही कळलं.

जूनच्या सुरुवातीला वहिनीच आल्या. पदर खोचून, कॅन नेण्याआणण्याचा निम्मा दिवस मोडून. म्हणाल्या, "आज बसू. जमलं तर जमलं. न्हाईतर बेपारी परवा यायचाय गाई बघाया."

मैदानावर त्या दिवशी टपरीवरच्या दोघांखेरीज चिटपाखरू नव्हतं. वहिनी उजवीकडे बसल्या, मी डावीकडे. मी मनात म्हणत होतो, भिंत, पंखा, कॅलेंडर, आणि समोर तर नुसती धूळ. क्लच, गिअर, एक्सिलेटर सगळं सांगितलं. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. धक्के देत का होईना, चालली. वहिनींच्या तोंडावर मी दीड वर्षात पहिल्यांदा थोडं हसू बघितलं. त्या हसऱ्या तोंडानं त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, "जमतंय की भावजी," म्हणाल्या. त्यांची नजर माझ्याकडे, आणि समोर मैदानाच्या टोकाला मुरमाचा ढीग.

मी ब्रेक दाबला. इथे तो होता. गाडी ढिगाच्या बरीच अलीकडे गचकन थांबून बंद पडली.

वहिनींनी परत किल्ली फिरवली, क्लच सोडला. गाडी हलेना. एक्सिलेटर दिला, इंजिन ओरडलं आणि बंद पडलं. त्यांनी खाली वाकून माझ्या पायाकडे बघितलं.

"भावजी, पाय काडा."

"निघत नाही."

"न्हाई म्हंजे?"

निघतच नव्हता. जणू कुणी खिळ्यानं ठोकलाय. आणि मला दिसलं, की आता दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर टपरीवरचे दोघं परत येऊन मला काखेत धरून काढतील आणि परवा व्यापारी गाई नेईल. नाही तर मी बोलेन.

मी समोर मुरमाच्या ढिगाकडे बघत म्हणालो, "वहिनी, अंधार नव्हता. मला ट्रॉली दिसली होती."

त्यांनी स्टेअरिंगवरचे हात काढले नाहीत. मी सगळं सांगितलं. तिथे ब्रेक नव्हता आणि मी तोच दाबत राहिलो. दादा माझ्याकडे बघत होता, मी नुसतं "दादा" म्हणालो असतो तरी त्यानं समोर बघितलं असतं. मी म्हणालो नाही. ज्या गोष्टीसाठी सगळं गाव मला चांगला मास्तर म्हणतं, त्याच गोष्टीनं माझा भाऊ गेला.

वहिनींनी स्टेअरिंग आणखी घट्ट धरलं. मग म्हणाल्या, "दीड वरीस. दीड वरीस तुमी मला अंधार हुता, अंधार हुता, सांगत आला. मी त्या अंधाराला शिव्या घातल्या रोज." त्यांचा आवाज इतका कठीण होता की मी मान वर केली नाही. त्यांना राग येणारच होता, आणि तो मला मिळायलाच हवा होता.

मग त्यांचा श्वास लांब निघाला. "बावीस वर्सं," त्या म्हणाल्या, "बावीस वर्सं मी त्यांच्या शेजारी बसून वरडले. हळू हाना. म्होरं बघा. हात आत घ्या. एकदा तरी ऐकलं व्हय त्या मानसानं? आन् तुमी एकदा वरडला असता तर लगीच ऐकनार हुते? तुमचं तर त्यांनी जल्मात कधी ऐकलं न्हाई." आणि त्या स्टेअरिंगवर डोकं टेकून रडल्या. मला त्यांचं म्हणणं पटलं असं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण तेवढ्यात माझा गुडघा डॅशबोर्डवर आपटायला लागला.

मी दोन्ही हातांनी तो धरायला गेलो. वहिनींनी डोळे पुसले, एकदा माझ्या पायाकडे बघितलं आणि नाक ओढत म्हणाल्या, "हालू द्या. वासराला आडलेली गाय सुटली की आशीच थरथरती. धरायचं नसतं तिला." गाडीच्या दारातली पाण्याची बाटली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. मी प्यालो, निम्मं पाणी शर्टावर सांडलं.

थरथर थांबली तेव्हा पाय ब्रेकवर नव्हता. तो कधी निघाला, मला कळलं नाही. तो खाली पायपुसण्यावर पडला होता, दमलेला, आणि त्याला नुसतं टेकलेलं असायला काही अडचण दिसत नव्हती.

"आता क्लच कुठवर सोडायचा ते नीट सांगा," वहिनी पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "धारंची येळ व्हईल. आन् या खेपंला चुकले तर वरडा."

त्यांनी गाडी मागे घेतली, वळवली, मैदानाला एक आख्खा वेढा घातला. दुसऱ्या वेढ्याला एक कुत्रं ढिगाआडून निघून रमतगमत गाडीपुढे आलं. माझा पाय उचलला गेला नाही. मी ओरडलो, "ब्रेक, वहिनी," इतक्या मोठ्यानं की टपरीवरचे दोघं बाहेर आले.

"ऐकलं," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी ब्रेक दाबला.